जांभळ्या नळीवरचा नंबर: सांगलीतल्या एका संशोधन प्रयोगशाळेचं प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका गावातली द्राक्षबागेत मजुरी करणारी बाई. गणपतीच्या सुमाराला, फळछाटणीच्या आधी, तिचं रक्त घेतलं. दिवाळीनंतर पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी तिच्या लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) जवळजवळ एक तृतीयांशानं खाली आलेलं दिसलं. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे एवढी घट म्हणजे कीटकनाशकाची बाधा धरायची, तिला बागेच्या कामापासून लांब ठेवायला सांगायचं आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. निरोप घेऊन आशाताई घरी गेल्या, तेव्हा बाईच्या सासूनं विचारलं, "आवो, ती बागेत गेलीच कुठं? नवरात्रापासनं माहेरी जतला हुती की."

हे प्रकरण त्या प्रश्नापासून सुरू होतं. संस्था सांगलीतली आहे, तिचं नाव इथे देत नाही. तिथे जे घडलं ते कुठल्याही प्रयोगशाळेत घडू शकतं, आणि बारकोडचं यंत्र घेतलं म्हणजे आपण सुटलो असं समजणाऱ्या प्रयोगशाळेत तर जास्तच.

आधी अभ्यासाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय लेबलाचं महत्त्व कळणार नाही. ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टरेजचं काम अडवतात. रक्तातली या विकराची पातळी मोजली की बाधेचा अंदाज येतो. अडचण अशी, की ही पातळी मुळातच माणसागणिक वेगळी असते. एकाची धडधाकट असतानाची पातळी दुसऱ्याच्या बाधा झालेल्या पातळीएवढी असू शकते. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशीच करावी लागते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फवारणी कामगारांसाठी असाच नियम आहे. मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली आलं की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतलं ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवातलं, ६० टक्क्यांवर आलं की माणसाला त्या कामावरून काढायचं.

म्हणजे इथे नमुन्याची जोडी महत्त्वाची. एकट्या नळीला काही अर्थ नाही. जोडीतली एक नळी जरी दुसऱ्याच माणसाची निघाली, तरी आकडा खोटा होतो, आणि तो खोटा आहे हे यंत्र सांगत नाही. या बाईच्या बाबतीत तो खोटा आकडा तिची मजुरी बुडवायला निघाला होता.

सासूच्या प्रश्नानंतर प्रयोगशाळेतल्या मॅडमनी पहिली शंका तपासयंत्रावर घेतली. ते साहजिक होतं, पण यंत्राचे नियंत्रण नमुने व्यवस्थित होते. मग त्यांनी त्या गावाची सगळी निकालपत्रं समोर मांडली आणि आकडे नुसते वरखाली वाचत गेल्या. त्या बाईचा आकडा जेवढा घसरला होता, साधारण तेवढाच तिच्या पुढच्या क्रमांकाच्या बाईचा चढला होता. कोलिनेस्टरेज असं एकाएकी चढत नाही. बाधेनंतर लाल पेशींतली पातळी भरून यायला वेळ लागतो, रोज साधारण एक टक्का, कारण नव्या लाल पेशी तयार व्हाव्या लागतात. एक खाली, एक वर, आणि दोघींचे क्रमांक लागोपाठ. दोघींचं आडनाव एक, घर एक. त्या जावा होत्या.

नळ्यांची अदलाबदल झाली हा संशय आला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. इथे प्रयोगशाळेनं एक हुशारी केली, ती सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या फेरीच्या नळ्यांतलं थोडं रक्त चार अंशांवर ठेवलेलं होतं, त्यावरून रक्तगट काढता आला. पहिल्या फेरीचं रक्त उणे ८० अंशांवर गोठलेलं. गोठवून वितळवलेल्या लाल पेशी फुटतात, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं गट निघत नाही. पण वेगळा काढून ठेवलेला प्लाझ्मा शाबूत होता, आणि प्लाझ्मात दुसऱ्या गटांच्या विरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. ओळखीच्या गटाच्या पेशी त्यात घालून उलट बाजूनं गट काढता येतो. नैतिकता समितीला कळवून तो काढला. पहिल्या फेरीत या नंबराची बाई बी गटाची, दुसऱ्या फेरीत ओ गटाची. तिच्या जावेचं बरोबर उलट.

रक्तगटाचा हा उपाय एकाच दिशेनं चालतो हे लक्षात ठेवलं पाहिजे. गट जुळला नाही तर अदलाबदल नक्की. गट जुळला म्हणजे नळी बरोबर आहे असं मात्र होत नाही. ओ आणि ओ अशा दोघींची अदलाबदल झाली असती, तर ती कोणालाच कधी कळली नसती.

गमतीची गोष्ट पुढे आहे. ही प्रयोगशाळा मागासलेली नव्हती. पहिल्या फेरीत मार्करनं लिहिलेल्या नळ्यांचा त्रास झाल्यावर तिनं बारकोड छापण्याचं यंत्र आणि स्कॅनर घेतला होता. दुसऱ्या फेरीची एकूण एक नळी बारकोडची होती. फ्रीजरमधली प्रत्येक क्रायोव्हायल, म्हणजे नमुना गोठवून ठेवायची लहान नळी, स्कॅन केली की संगणकावर नाव-गाव-फेरी सगळं नीट दिसायचं. अदलाबदल झालेल्या त्या दोन नळ्याही अगदी नीट स्कॅन झाल्या होत्या.

मग चूक शिरली कुठून? याचं उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळण्यासारखं नव्हतं. नळी ज्या वाटेनं आली ती वाट उलट चालत जावी लागली.

गावातलं दृश्य असं. मजुरांची गाडी सकाळी लवकर निघते. त्याआधी समाजमंदिरात रक्त द्यायला वीस-पंचवीस जण एकदम येतात. उशीर झाला तर दिवसाचा रोज बुडतो. "लवकर घ्या ओ दादा, गाडी सुटंल," हा धोशा चालू असतो. अशा वेळी रक्त घेणारा एकटा मुलगा नाव विचारणार, नळीवर लिहिणार, रजिस्टरवर लिहिणार, सुई टोचणार, कापूस देणार, हे शक्य नव्हतं. म्हणून त्यानं आपल्या परीनं सोय केली होती. आदल्या संध्याकाळी यादी बघून सगळ्या नळ्यांवर मार्करनं क्रमांक टाकायचे आणि स्टँडमध्ये ओळीनं लावायचे. सकाळी नाव पुकारायचं, पुढची नळी उचलायची.

माणसं मात्र ओळीनं येत नाहीत. त्या दिवशी पहिल्या जावेचं पोर रडायला लागलं म्हणून ती उठली, आणि तिच्या जागी दुसरी बसली. नळी पहिलीची उचलली गेली. आशाताईंना तो प्रसंग आठवत होता, कारण पोराला त्यांनीच बाहेर नेलं होतं.

तिथून पुढे नळी सांगलीला आली. इथे टेक्निशियननं मार्करचा क्रमांक वाचला, संगणकात टाकला, बारकोड छापला, चिकटवला. म्हणजे चुकीच्या नळीला छान, स्वच्छ, यंत्राला वाचता येणारं लेबल लागलं. तोवर त्या क्रमांकावर निदान शंका तरी घेता आली असती. बारकोड लागल्यावर तीही गेली.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या पुढाकारानं झालेला एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बारकोडमुळे नमुन्यांच्या ओळखीच्या चुका कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तो खराच आहे. पण तिथली पद्धत बघितली पाहिजे. रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा खाटेशेजारी स्कॅन होतो आणि लेबल तिथल्या तिथे नळीला लागतं. आपल्याकडे यंत्र घेतलं जातं आणि ते प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी, नमुना स्वीकारायच्या टेबलावर बसतं. सुई आणि स्टिकर यांच्यामध्ये तासगाव ते सांगली एवढं अंतर पडलं, तर बारकोड फक्त पुढच्या अर्ध्या प्रवासाची हमी देतो. धोका सगळा आधीच्या अर्ध्यात होता.

वाट उलट चालताना बाकीही बरंच सापडलं. त्यातल्या काही गोष्टी अस्सल आपल्याकडच्या आहेत. परदेशी मार्गदर्शिकेत त्या सापडायच्या नाहीत.

पहिली, अंकांची. आशाताई मराठी अंक लिहितात, प्रयोगशाळा इंग्रजी अंक वाचते. शून्य, दोन, तीन हे अंक दोन्हीकडे जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे समोरच्यानं कुठले अंक लिहिलेत ही शंकाच येत नाही. आणि मग मराठी एक हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला जातो. घाईत काढलेला मराठी पाच इंग्रजी चारासारखा दिसतो. तेरा नंबरची नळी त्र्याण्णव होते. त्या गावात त्र्याण्णव नंबरचा माणूस नसेल तर चूक लगेच कळते, असेल तर नाही.

दुसरी, जन्मतारखेची. नमुना घेताना माणसाची ओळख निदान दोन खुणांनी पटवावी, असा जगभरचा दंडक आहे. बहुतेक ठिकाणी नाव आणि जन्मतारीख घेतात. आपल्या गावांत पन्नाशीच्या पुढच्यांची जन्मतारीख विचारा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून अर्ध्या गावाची निघते. नावाचंही तेच. एका आडनावाचं गाव, त्यात तीन संजय आणि चार सुनीता. बायकांचं कागदावरचं नाव सासरचं, आधारवरचं कधी माहेरचं, आणि हाक मारायचं तिसरंच. इथे दुसरी खूण म्हणून जन्मतारीख धरणं म्हणजे नियम पाळल्याचं समाधान तेवढं.

तिसरी, एक्सेलची. मूळ रजिस्टरमध्ये क्रमांक गाव आणि व्यक्ती असा लिहायचे. तीन नंबरच्या गावातला बारावा माणूस म्हणजे ३-१२. एक्सेलला ती तारीख वाटते आणि रकान्यात डिसेंबर नाहीतर मार्च उगवतो. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. काही जनुकांची इंग्रजी नावं एक्सेल मार्च-सप्टेंबरच्या तारखा समजून बदलून टाकायचं, म्हणून जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली.

चौथी, फ्रीजरमधली. लहान क्रायोव्हायलना साधं कागदी स्टिकर लावलेलं. साधा कागद आणि साधा गोंद उणे ८० ला टिकत नाही. कडा सुटतात, आणि डबा बाहेर काढला की सगळ्यावर दव धरतं. एका डब्यात नऊ बाय नऊ अशा ८१ जागा असतात, आणि तळाशी सुटी पडलेली दोन स्टिकरं सापडली की त्या कुठल्या नळ्यांची याचा शोध लावणं हे दिवसभराचं काम. शिवाय ज्या लेबलांवर रिबन न वापरता नुसत्या उष्णतेनं छापलं होतं, त्यांच्यावर स्पिरिट सांडलं की अक्षरं काळवंडून नाहीतर पुसून जायची. प्रयोगशाळेत स्पिरिट न सांडणारी जागा नसते.

एवढं सापडल्यावर सुधारणेची सुरुवात नंबरापासून झाली, आणि मला तेच बरोबर वाटतं. बहुतेक ठिकाणी आधी प्रिंटर ठरतो आणि नंबर नंतर त्यात बसवतात.

जुना नंबर बोलका होता. तालुक्याची तीन इंग्रजी अक्षरं, मग गाव, व्यक्ती, कितवी फेरी आणि नमुन्याचा प्रकार. मधल्या आडव्या रेघा धरून सोळा अक्षरं. बोलका नंबर सगळ्यांना आवडतो, कारण बघताच काय आहे ते कळतं. पण त्याचे दोन तोटे. एक तर तो पाहून गावातलं कोणीही ओळखू शकतं की ही कोणाची नळी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत नमुन्याची ओळख सांकेतिक ठेवण्याचा विचार सविस्तर आला आहे, आणि सोळा अक्षरांत अर्धा पत्ता लिहिणं त्याच्या उलट जातं. दुसरा तोटा, माहिती बदलली की नंबर खोटा होतो. फेरी चुकीची टाकली, नमुन्याचा प्रकार चुकला, तर नंबरच बदलावा लागतो.

म्हणून मुका नंबर घ्यायचं ठरलं. दहा अंक, अक्षर एकही नाही. नऊ अंक अनुक्रमाचे, दहावा पडताळणीचा, आधीच्या नऊंवरून हिशेबानं काढलेला. पडताळणीसाठी व्हर्होएफची पद्धत घेतली. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक याच पद्धतीनं निघतो. कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती हमखास पकडते. बँकेच्या कार्डांवर असते ती लूनची पद्धत सोपी आहे, पण शून्य-नऊचं नऊ-शून्य झालं तर तिला कळत नाही. नंबराचा पहिला अंक शून्य नसावा असंही ठरवलं, नाहीतर एक्सेल तो गिळतं.

दहाच अंक का, याचं उत्तर नळीच्या आकारात आहे. हा हिशेब कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडा तपशिलात देतो. कोड १२८ या नेहमीच्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये एका अक्षराला ११ कण जागा लागते; कण म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी. सुरुवातीची खूण, पडताळणी आणि १३ कणांची शेवटची खूण वेगळी, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा कण कोरी जागा. सोळा अक्षरांचा हिशेब २३१ कणांवर जातो. एक कण पाव मिलिमीटरचा धरला तर जवळपास ५८ मिलिमीटर. क्रायोव्हायलवर एवढी जागा नाही. घेर ३९ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही तिसरा हिस्साच स्कॅनरला एका वेळी दिसतो. टेक्निशियननं कण बारीक करून तो कसाबसा बसवला होता, म्हणून स्कॅनर दहादा फिरवावा लागायचा आणि शेवटी नंबर हातानं टाइप व्हायचा.

नुसते अंक असतील तर कोड १२८ दोन अंक एका अक्षराच्या जागेत बसवतो. दहा अंकांना कोऱ्या जागेसह ११० कण, म्हणजे साडेसत्तावीस मिलिमीटर. ७५ मिलिमीटर लांबीच्या जांभळ्या टोपणाच्या रक्ताच्या नळीवर तो उभा आरामात बसतो. उभा म्हणजे नळीच्या लांबीच्या दिशेनं, नळी सरळ धरली की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसाव्यात. नळीभोवती गुंडाळून लावला की टोकाच्या रेघा वळणाआड जातात.

क्रायोव्हायलसाठी डेटा मॅट्रिक्स घेतला, ठिपक्यांचा चौकोनी कोड. १२ बाय १२ घरांच्या चौकोनात बरोबर दहा अंक मावतात. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरवर तीन ठिपक्यांचं एक घर धरलं तर कोऱ्या कडेसह साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचा चौकोन झाला. शिवाय त्यातल्या बारा कोडशब्दांपैकी सात नुसते दुरुस्तीसाठी असतात, तीन बिघडले तरी वाचन होतं. एखादा कोपरा दवानं पुसट झाला तर चालतं. फक्त जुनी लेझर बंदूक हा कोड वाचत नाही, कॅमेऱ्याचा स्कॅनर लागतो. तो एक खर्च झाला.

लेबलाचा कागद बदलून पॉलिएस्टर घेतलं, रेझिन रिबननं छापायला सुरुवात केली, आणि पारदर्शक शेपूट असलेली लेबलं घेतली. शेपूट नळीभोवती फिरून छापलेल्या भागावर येतं आणि लेबल स्वतःलाच चिकटतं. थंडीत प्लास्टिक आकसलं तरी सुटत नाही. लेबल गोठवायच्या निदान आदल्या दिवशी लावायचं. दव धरलेल्या नळीवर कुठलाच गोंद बसत नाही. विकत घेण्याआधी मॅडमनी विक्रेत्याचं पत्रक बाजूला ठेवून रिकाम्या नळ्यांवर लेबलं लावली, गोठवली, वितळवली, परत गोठवली, स्पिरिटमध्ये बुडवून बोटानं घासली. दोन नमुने तिथेच बाद झाले.

तळाला कोड कोरूनच येणाऱ्या नळ्याही मिळतात. ९६ नळ्यांचा पूर्ण रॅक तळाकडून एकदम वाचता येतो. त्या उत्तम, पण महाग. इथे त्यांचा विचार झाला आणि सोडून दिला.

खरा बदल समाजमंदिरात व्हायचा होता. आदल्या रात्री नळ्यांवर नंबर टाकणं बंद. त्याऐवजी पाकिटं. प्रत्येक पाकिटात कोरी नळी, लघवीची डबी आणि एकच दहा अंकी नंबर छापलेल्या स्टिकरांची एक पट्टी. हे पाकीट कोणाचंच नसतं. माणूस खुर्चीत बसला की ते उघडायचं आणि तेव्हाच ते त्याचं होतं. एक स्टिकर फॉर्मवर, रक्त घेतल्यावर तिथल्या तिथे एक नळीवर, एक डबीच्या अंगावर. झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं बदलली जातात. उरलेली पट्टी फॉर्मला टाचायची. एक पाकीट संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि खुर्ची एकच.

ओळख पटवायची रीतही बदलली. "तुम्हीच सुनीता ना?" असं विचारलं की घाईतला माणूस "हो" म्हणतो, ती चौथी सुनीता असली तरी. आता विचारायचं, "नाव सांगा. नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव सांगा." आणि जन्मतारखेऐवजी अभ्यासाचं कार्ड, पहिल्या फेरीत दिलेलं, त्यावर त्या व्यक्तीचा कायमचा नंबर. मोबाइलवर कार्ड, फॉर्म आणि नळी अशी तीन वाचनं होतात. नेटवर्क नसलं तरी ती मोबाइलमध्ये साठतात. शेवटी रक्त घेणारा नळीवरचे शेवटचे चार अंक मोठ्यानं वाचतो आणि आशाताई फॉर्मवर बघून मान डोलावतात.

आशाताईंना हे सुरुवातीला पटलं नव्हतं. "सर, अख्खं गाव माझ्या तोंडपाठ आहे. मला नंबर कशाला?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्या चेहऱ्यानं ओळखतात, आणि ती ओळख कुठल्याही कार्डापेक्षा पक्की. म्हणून त्यांना खुर्चीशेजारी उभं केलं, रजिस्टरपाशी नाही. माझ्या मते या सगळ्या सुधारणेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची गोष्ट हीच होती.

वेळ वाढला. दर माणसामागे थोडाच, पण गाडी थांबत नाही. त्यावर तोडगा म्हणजे दोन दिवस केले, निम्मी माणसं आज, निम्मी उद्या. यंत्रांनी हा प्रश्न सुटला नसता.

प्रयोगशाळेत आल्यावर आता कोणी काही टाइप करत नाही. आधी मूळ नळी स्कॅन, मग तिच्यातून भरलेल्या क्रायोव्हायल एकेक स्कॅन. प्रत्येक क्रायोव्हायलला तिचा स्वतःचा मुका नंबर आहे, लेबल आधीच लावलेलं, आणि स्कॅन झाल्यावरच ती कोणाची तरी होते. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकात मूळ नमुन्यातून काढलेला प्रत्येक भाग मूळ नमुन्याशी निःसंदिग्धपणे जोडता यावा अशी अट आहे. ती इथे पहिल्यांदा कागदाबाहेर आली. एका वेळी टेबलावर एकाच माणसाच्या नळ्या, हा नियम मात्र भिंतीवर लिहून रोज सांगावा लागतो.

एक अडचण कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड असल्याचं भासवतो. त्याच संगणकावर कोणी मराठी पत्र टाइप करून कीबोर्ड मराठीतच सोडला, तर स्कॅन केल्यावर भलतंच काहीतरी उमटतं. आता नंबराच्या रकान्यात दहा इंग्रजी अंक आणि जुळणारा पडताळणी अंक असल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

जुन्या नळ्यांचं काय करायचं यावर वाद झाला. सगळा फ्रीजर उपसून नवी लेबलं लावावीत असं काहींचं मत होतं. ते मॅडमनी मानलं नाही, आणि बरं झालं. गोठलेल्या नळीवर नवं लेबल बसत नाही, बसवायला ती वितळू द्यावी लागते, आणि शेकडो नळ्यांना हातानं नवे नंबर देणं म्हणजे जुन्या चुका सुधारताना नव्या करणं. जुनी नळी तपासणीसाठी बाहेर येईल तेव्हाच तिच्यातला भाग नव्या लेबलाच्या नळीत जाईल, दोन माणसांच्या सहीनं. तोवर डब्याच्या नकाशावर जागा पक्की. हा नकाशा पूर्वी फक्त फ्रीजरच्या दाराला चिकटवलेला कागद होता. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत तो प्रकार फार दिवस चालायला नको होता.

पुढच्या हंगामात पाकिटांच्या पद्धतीनं रक्त घेतलं. एका गावात दोन पाकिटं एकदम उघडली गेली. पण फॉर्म आणि नळी यांचे नंबर जुळेनात म्हणून मोबाइल तिथेच अडला, आणि माणूस खुर्चीत असतानाच दोन्ही नळ्या टाकून पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा टोचल्यामुळे तो चिडला, ते योग्यच होतं.

त्या दोन जावांच्या पहिल्या जोडीचे निकाल अहवालातून काढले आहेत. दोघींचं रक्त पुन्हा घेतलं, दोघीही ठीक आहेत. त्या गावातल्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या बाकीच्या जोड्यांपैकी ज्यांचा रक्तगट तपासता आला त्या तपासल्या. गट जुळलेल्यांच्या निकालांवरही तळटीप आहे, की नळी नमुना घेताना व्यक्तीसमोर लेबल केलेली नव्हती. ज्या क्रायोव्हायलचं मूळ कुठल्याच रजिस्टरशी पटत नाही, त्या फ्रीजरच्या सर्वांत खालच्या खणात वेगळ्या डब्यात आहेत. त्या नष्ट करायच्या की नुसत्या पद्धती तपासण्यासाठी वापरायच्या, हे नैतिकता समितीच्या पुढच्या बैठकीत ठरेल.